अटकेचा मान

तुरुंगात जाताना माणसानं स्वच्छ बनियन घालावं, अशी लटारूभाऊंची शिस्त होती. त्या सकाळीही त्यांनी धुतलेलं बनियन घातलं, वर खादीचा कडक सदरा चढवला आणि पिशवीत टॉवेल, बीपीच्या गोळ्या आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या दोन पुड्या टाकल्या. आजवर ते कितीतरी वेळा तुरुंगात गेले होते आणि प्रत्येक वेळी जेवायला घरी पोचले होते.

विरोधी पक्षाच्या आंदोलनाची कोरपन्यात एक ठरलेली रीत होती. आदल्या दिवशी ठाण्यात अर्ज द्यायचा. दहा वाजता रस्त्यावर बसायचं, सरकारचा धिक्कार करायचा. अकराला पोलिसांची गाडी येणार, कार्यकर्ते हसतमुखानं आत चढणार, ठाण्यात चहा-पोहे होणार आणि एकच्या सुमारास सही करून सुटका. सरकारं बदलत, पण पोह्यांत शेंगदाणे तेवढेच असत.

"घरी नातवाचं बारसं हाय, अन् आजोबा चालले जेलात!" रुखमाबाईंनी स्वयंपाकघरातूनच आवाज दिला. लेक रीता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती आणि घरात पाहुण्यांसाठी पुरणाचा घाट घातलेला होता.

"एक वाजता येतो ना बापा. ठाणेदाराशी बोलणं झालं हाय. बारसं तं चार वाजता हाय."

"अन् इवाई आले तं?"

"आले तं बसव. पाय धुवाले पाणी दे."

"मले नका शिकवू इवायाचा मान! लग्नात जीपीत आधी कोण बसलं होतं? मी का तुमी?"

लटारूभाऊंनी पिशवी उचलली. हा त्यांचा दुखरा दात होता. रीताच्या लग्नात, व्याही डोमाजी जीपजवळ उभे असताना लटारूभाऊ चुकून आधी पुढच्या सीटवर बसले होते. झालं! डोमाजी रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले ते उठेचनात. पंगत ताटकळली, वरण निवलं, नवरदेव जांभया देऊ लागला. शेवटी नवा शेला, नारळ आणि चार लोकांसमोर माफी इतका ऐवज खर्ची पडल्यावर डोमाजी उठले. त्या दिवसापासून दार असो, पाट असो की बैलगाडी असो, व्याही दिसले की लटारूभाऊंचं पाऊल आपोआप मागं येई आणि तोंडातून निघे, "या इवाई, आधी तुमी."

डोमाजी सत्ताधारी पक्षाचे तालुकाध्यक्ष होते आणि लटारूभाऊ विरोधी पक्षाचे. सोयरिकीत दोन्ही पक्ष असले की कोणतंही सरकार आलं तरी घरचं बोअरवेलचं काम अडत नाही, हा व्यवहार दोघांनाही कळत होता. भाषणात ते एकमेकांची सालटी काढत आणि संध्याकाळी एकाच पुडीतला खर्रा तोंडात घोळवत.

पण आजची अटक नेहमीसारखी नव्हती. आज लटारूभाऊंचं अध्यक्षपद पणाला लागलं होतं.

त्याचं असं झालं होतं. तालुक्यात पक्षाची एकूण ताकद एका सतरंजीवर मावेल एवढी होती, म्हणून साहजिकच तिचे दोन गट पडले होते. एक लटारूभाऊंचा, दुसरा धनराजभाऊंचा. धनराजभाऊ तरुण होते. त्यांच्याकडे मोटरसायकल होती, काळा चष्मा होता आणि खिशात मोबाईल होता. मोबाईलचा टॉवर मात्र अजून चंद्रपुरातच होता. एकमेकांविरुद्धच्या व्यूहरचनेत दोन्ही गट इतके गुंतलेले असत की सरकारशी लढायला त्यांना सवडच होत नसे. हे भांडण नागपूरपर्यंत गेलं, तेव्हा तिथून निरीक्षक म्हणून बोरकुटेसाहेब नेमले गेले आणि त्यांनी फोनवर निकाल देऊन टाकला.

"खुर्चीत बसणारा अध्यक्ष मला नको. बुधवारी रस्ता रोको करा. जनतेसाठी जो तुरुंगात जाईल तो अध्यक्ष. मी स्वतः येतो. मी शब्दाचा पक्का आहे."

अध्यक्षपदानं लटारूभाऊंना आजवर दिलं काय होतं? ना ठेका, ना गाडी, ना कमिटी. पण बसस्टँडवरचा हॉटेलवाला त्यांना पाहिलं की खांद्यावरच्या फडक्यानं खुर्ची पुसायचा. तहसीलमधला चपराशी "या अध्यक्षसाहेब" म्हणायचा. घराच्या फाटकावर पाटी होती. तिच्यावर 'तालुकाध्यक्ष'च्या आधी रंगाऱ्यानं 'माजी' लिहिल्याचं स्वप्न त्यांना अलीकडं पडत असे आणि ते घामाघूम होऊन उठत. मरणाची त्यांना एवढी भीती नव्हती. मेल्यावर निदान 'कैलासवासी तालुकाध्यक्ष' तरी लिहितात.

म्हणून आदल्या दिवशी ते धनराजच्या आधी ठाण्यात पोचले होते. ठाणेदार पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेला, थोडक्यात बोलणारा माणूस होता.

"अर्ज एकच घेईन," ठाणेदार म्हणाला. "आयोजक म्हणून कोणाचं नाव टाकू? दोघांचं?"

"माझं. एकट्याचं. दुसऱ्या कोणाचं नाव आलं तं मी सहीच करत नाई."

"उत्तम. जबाबदारी एकाचीच असलेली बरी. आणि गाडी एकच आहे, लहान. गाव भरून माणसं आणू नका."

जबाबदारी या शब्दानं लटारूभाऊंची छाती फुगली. फुगलेल्या छातीनं त्यांनी सही केली.

*

रस्ता रोको होता खड्ड्यांविरुद्ध. सिमेंटच्या ट्रकांनी गडचांदूरच्या बाजूच्या रस्त्याची अशी चाळण केली होती की रोखायला रस्ता शोधावा लागत होता. फाट्याजवळ थोडं डांबर शिल्लक होतं, ते आंदोलनासाठी निवडलं.

बाबूभाई आधीच हजर होते. लग्न, मयत, उरूस आणि निवडणूक या चारही प्रसंगांना तालुक्यात मांडव-सतरंज्या पुरवायला बाबूभाईंचंच बिछायत केंद्र असे. त्यांनी दोन सतरंज्या खाली टाकल्या आणि भोंगा बाभळीला बांधला.

"दोन काऊन?" लटारूभाऊंनी विचारलं.

"एक तुमची, एक धनराजभाऊची. ते बोल्ले, मी त्या बुढ्याच्या दरीवर नाही बैठत."

"मी तरी कुठी त्याच्या सतरंजीवर बसून राह्यलो!"

तेव्हा रस्त्याच्या डाव्या कडेला लटारूभाऊंचा गट बसला आणि उजव्या कडेला धनराजभाऊंचा. मध्ये बरोबर एक ट्रक जाईल एवढी वाट राहिली आणि तिच्यातून ट्रक जाऊ लागले. दोन्हीकडून "रस्ता रोको!"च्या घोषणा, मधून हॉर्न वाजवत वाहतूक. एका क्लीनरनं तर दोन्ही गटांना हात हलवून नमस्कारही केला. इतका सुरळीत रस्ता कित्येक महिन्यांत चालला नव्हता.

लहानू वार्ताहर गळ्यात कॅमेरा अडकवून हे पाहत उभा होता. एका वर्तमानपत्राची बातमीदारी आणि स्वतःचा फोटो स्टुडिओ, असे त्याचे दोन धंदे होते.

"भाऊ, मी फोटो काढून राह्यलो, पण यात रोकलं काय हाय?" त्यानं विचारलं.

मग दोन्ही गटांत वाटाघाटी झाल्या. मधल्या जागेत तिसरी सतरंजी टाकावी, पण तिच्यावर कोणत्याच गटानं बसू नये, असा तोडगा निघाला. बाबूभाईंनी तिसरी सतरंजी अंथरली. ती कोरी करकरीत होती. तेवढ्यात समोरून एक ट्रक आला आणि रिकामी सतरंजी पाहून चढवायच्या बेतात आला. बाबूभाई दोन्ही हात पसरून आडवे आले.

"खबरदार! नवी दरी हाय! माझ्या बेटीच्या, निशातच्या शादीत पहिल्यांदा बिछवणार होतो!"

ट्रक थांबला. त्याच्या मागचा थांबला. पलीकडूनही थांबले. पक्षाला जे जमलं नव्हतं ते बाबूभाईंनी एका सतरंजीसाठी करून दाखवलं. पाहता पाहता दोन्ही बाजूंना मैलभर रांग लागली. तिच्यात एका टोकाला बोरकुटेसाहेबांची गाडी अडकली आणि कुठंतरी मध्ये एक लाल दिव्याची पांढरी गाडीही अडकली. तिच्यात कोणी 'वरचे साहेब' होते, हे फाट्यावर कोणाला कळायचं कारण नव्हतं.

अकराच्या ठोक्याला पोलिसांची गाडी गावाच्या अंगानं, रांगेला वळसा घालून आली. आणि इथं धनराजभाऊंची व्यूहरचना उघड झाली. त्यांची पोरं शिट्टी ऐकल्यासारखी उठली, धावत सुटली आणि गाडीत भराभर चढून बसली. लटारूभाऊंच्या गटाला जागाच उरू नये, हा तिचा पूर्वार्ध होता. उत्तरार्ध असा की एक जागा राखून ठेवायची, धनराजभाऊंनी रस्त्यावर आडवं पडायचं, चार शिपायांनी त्यांना फरफटत न्यायचं आणि लहानूनं फोटो काढायचा.

धनराजभाऊ आडवे पडले. डोळे मिटले. पण गाडीसोबत शिपाई आले होते दोनच आणि त्यांना घाई नव्हती.

"उचला ना जी!" धनराजभाऊ मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले.

"तुमीच या ना भाऊ चालत. माझी कंबर धरली हाय."

"उचलल्याशिवाय मी येत नाई! हा सत्याग्रह हाय!"

"मंग राहा," शिपाई म्हणाला आणि त्यानं गाडीकडं पाहून आवाज दिला, "एकच जागा हाय! कोण येते?"

लटारूभाऊ हसले. अटक व्हायलाही अनुभव लागतो. ते शांतपणे उठले, सदरा झटकला, पिशवी काखेत मारली आणि गाडीजवळ गेले. एक पाय त्यांनी पायरीवर ठेवला, मान वळवली आणि मूठ वर केली. लहानूनं कॅमेरा डोळ्याला लावला. अध्यक्षपद आता एका पायरीवर होतं.

"राम राम, इवाई!"

गाडीमागून डोमाजी येत होते. डोक्याला नवा फेटा, हातात पिशवी, पिशवीत नातवासाठी चांदीचे वाळे. त्यांची स्कूटर रांगेत अडकली होती आणि उन्हातून पायी येऊन ते घामेजले होते.

आणि लटारूभाऊंचं पाऊल पायरीवरून खाली आलं. त्यांनी ते आणलं नाही, ते आपोआप आलं. उजवा हात गाडीच्या दाराकडं गेला, कमरेत थोडा बाक आला आणि तोंडातून शब्द निघून गेले.

"या इवाई, आधी तुमी."

सत्ताधारी पक्षाच्या तालुकाध्यक्षाला पोलिसांची गाडी म्हणजे घरची बैलगाडी. रस्ता बंद आहे, म्हणून व्याह्यानं ठाणेदाराला सांगून आपल्यासाठी गाडी मागवली, असा डोमाजींचा सरळ समज झाला. ते प्रसन्न झाले. "काऊन एवढी तकलीफ घेतली जी?" म्हणत ते आत चढले, शेवटच्या जागेवर बसले आणि खिडकीतून सगळ्यांना हात हलवला. लहानूचा फ्लॅश चमकला. दार बंद झालं.

"अरे, थांबा! ते नाई! मी, मी!" लटारूभाऊ ओरडले.

कंबर धरलेला शिपाई इथलाच होता. मोहाच्या झाडाचा किस्सा त्यालाही ठाऊक होता.

"भाऊ, तुमीच त्याइले हात देऊन बसवलं. आता उतरवलं तं त्याइचा अपमान नाई होईन?"

गाडी धूळ उडवत निघून गेली. धनराजभाऊ अजून डोळे मिटून पडले होते आणि बाबूभाई त्यांच्या अंगाखालची सतरंजी ओढत होते.

*

चार वाजले. पाळणा सजला, बाया जमल्या, विहीणबाई नीलाबाई दुसऱ्या वाटेनं येऊन पोचल्या. डोमाजींचा पत्ता नव्हता.

"इवाई कुठी हाय?" रुखमाबाईंनी नवऱ्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं.

"जेलात."

"अन् तुमी?"

"मी घरी."

"जाणार होते तुमी, अन् धाडलं त्याइले?" रुखमाबाईंनी कपाळावर हात मारला. "बापा बापा! बारशाच्या दिवशी इवायाले जेलात घालणारा तुमच्यासारखा तुमीच!"

नीलाबाईंना सांगावंच लागलं.

"त्याइले आधी बसवलं ना गाडीत?" त्यांनी विचारलं.

"आधी म्हणजे... बसवलं. मानानं बसवलं."

"मंग काई बोलत नाईत ते," नीलाबाई म्हणाल्या आणि निवांत पान लावू लागल्या.

लटारूभाऊ धावतपळत ठाण्यात पोचले. आपण पाया पडल्यावरच डोमाजी उठतील, अशी मनाची तयारी करून ते आत शिरले, तर आत वेगळाच सोहळा. डोमाजींच्या गळ्यात झेंडूचा हार होता, पुढं पोह्यांची दुसरी प्लेट होती आणि बोरकुटेसाहेब त्यांचा हात हातात घेऊन उभे होते. स्वतःच्याच पक्षाच्या रस्ता रोकोतून साहेब पाच तासांनी सुटले होते. ठाण्यात आल्या आल्या त्यांना फेटा बांधलेला एकच भारदस्त माणूस दिसला, आणि त्यालाच त्यांनी हार घातला.

"साहेब, हे आपले नाईत!" लटारूभाऊ म्हणाले. "हे सत्ताधारी पक्षाचे तालुकाध्यक्ष होत!"

बोरकुटेसाहेबांचा चेहरा उजळला. "काय सांगता! सत्तेत असूनही जनतेसाठी तुरुंग पत्करला? स्वतःच्या सरकारविरुद्ध?"

"तसं नाई साहेब. ते बारशाले चालले होते. मीच त्याइले..."

"तुम्ही थांबा हो जरा. डोमाजी, एवढं धाडस कसं केलंत?"

डोमाजींनी पोह्यांचा घास गिळला. गेली दोन वर्षं त्यांचा पक्ष त्यांना महामंडळ देतो देतो म्हणत होता आणि दिले होते फक्त हातपंपांच्या उद्घाटनाचे नारळ. आपण बंड केलं आहे, हे त्यांना हळूहळू कळू लागलं आणि ते त्यांना आवडू लागलं.

"सहन झालं नाई जी," ते म्हणाले. "खड्डे पाहून पोटात तुटलं."

"माझं पोट तं अकरा वर्षांपासून तुटून राह्यलं!" लटारूभाऊ कळवळून म्हणाले. ते कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला. 'सत्ताधारी तालुकाध्यक्षाचा सरकारला घरचा अहेर', असा मथळा होता. डोमाजी खिडकीतून हसत होते. फोटोच्या कडेला कोपरापर्यंत एक हात दिसत होता, दाराकडं वाट दाखवणारा. तो लटारूभाऊंचा होता.

पुढचं सगळं राजकारणात होतं तसं रीतसर झालं. पेपर वाचून सत्ताधारी पक्षानं डोमाजींची हकालपट्टी केली. बोरकुटेसाहेबांनी त्यांना पक्षात घेतलं आणि अध्यक्ष करून टाकलं. तुरुंगात गेला तो अध्यक्ष, साहेब शब्दाचे पक्के होते. तिकडं डोमाजींची जागा रिकामी झाली, म्हणताना धनराजभाऊ विचारधारेसाठी सत्ताधारी पक्षात गेले आणि तिथं अध्यक्ष झाले. रस्त्यावरून उठलेला माणूस थेट सत्तेत जाऊन बसला. तालुक्यात पद नसलेला पुढारी एकच उरला.

"जाऊ द्या ना जी," रुखमाबाई समजूत घालत म्हणाल्या. त्यांचा राग निवला होता. "पद घरातच राह्यलं म्हणा."

लटारूभाऊंनी फाटकावरची पाटी काढून खाटेखाली ठेवली. रंगाऱ्याला बोलवायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.

*

रविवारी बाबूभाईंच्या मांडवात डोमाजींचा सत्कार झाला. निशातच्या लग्नासाठी ठेवलेली नवी सतरंजीच मंचावर अंथरली होती. लटारूभाऊंना 'ज्येष्ठ मार्गदर्शक' म्हणून कडेची खुर्ची मिळाली. तिचा एक पाय डुगडुगत होता.

"बाबूभाई, खुर्ची हलून राह्यली," ते हळूच म्हणाले.

"भाऊ, इथी कोणाची नाही हलत?" बाबूभाई म्हणाले आणि माईक तपासायला निघून गेले.

डोमाजींचं भाषण रंगात आलं असतानाच मांडवाबाहेर पोलिसांची गाडी थांबली. ठाणेदार उतरून सरळ मंचापाशी आला.

"लटारूभाऊ, चला."

"मी? आता? कायले?"

"त्या दिवशी जाममध्ये वरच्या साहेबांची गाडी अडकली होती. आयोजकावर गुन्हा दाखल करा, असा वरून आदेश आहे. अर्जावर तुमचं एकट्याचं नाव आहे. तुम्हीच दुसरं नाव टाकू दिलं नाही."

"पण साहेब, अटक तं याइले झाली होती ना!"

"त्यांना आम्ही नाही बसवलं. तुम्ही बसवलं. ते चहा घेऊन गेले."

"बरं, एक वाजेपर्यंत येतो ना मी परत?"

"आज रविवार. कोर्ट उद्या."

"अन् पोहे?"

ठाणेदारानं गाडीकडं बोट दाखवलं.

लटारूभाऊ उठले. बारा माणसांची गाडी सगळीच्या सगळी रिकामी होती. लहानू समोर उभा होता, पण त्याचा अख्खा रोल डोमाजींच्या सत्कारात संपला होता. पिशवी घरी होती. आणि रविवार म्हणून अंगात बनियन होतं ते फाटकं.

तरीही लटारूभाऊंच्या मनात एक आशा उगवली. त्यांनी माईकजवळच्या नव्या अध्यक्षांचा दंड धरला.

"इवाई, आता पक्षाचे अध्यक्ष तुमी. कार्यकर्त्यावर अन्याय होऊन राह्यला. चला माझ्यासंगं गाडीत. दोघं गेलो तं आजच सोडतेत."

सगळा मांडव डोमाजींकडं पाहू लागला. टाळ्या पडल्या. डोमाजी मंचावरून उतरले, फेटा सारखा केला आणि व्याह्यासोबत गाडीपर्यंत चालत गेले. शिपायानं दार उघडलं. पायरीपाशी येताच डोमाजींचं पाऊल अदबीनं मागं आलं. कमरेत थोडा बाक आला, उजवा हात दाराकडं गेला.

"नाई नाई, इवाई," ते म्हणाले. "आधी तुमी."